पाखराची राखण

पौष लागून आठ दिवस झाले होते. पिंपळदरीच्या तलावाचं पाणी उतरत उतरत पार मध्यावर गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळात सुखीबाईचा हरभरा गुडघ्याला लागत होता. पाणी हटेल तशी जमीन मोकळी व्हायची, तिच्यात चार महिन्यांचं पीक काढायचं, आणि पाऊस आला की ती जमीन परत तलावाच्या पोटात. गाळपेर म्हणतात तिला. सालोसाल सरकारकडून मागून घ्यायची आणि सालोसाल सोडून द्यायची.

सुखीबाई त्या सकाळी हरभऱ्यावर फडकं अंथरून आंब धरत होती. दवात भिजलेलं फडकं पिळलं की आंबट पाणी निघतं, ते पोटदुखीवर चालतं. पाठ वाकवून ती पिकाच्या दोन ओळींमधल्या तासातून पुढं सरकत होती. थंडीनं बोटं वाकडी झाली होती. फडकं पिळायला ती उभी राहिली आणि समोर, पाण्याच्या कडेला, तिला ते दिसलं.

आधी तिला वाटलं, कुणी पांढरं धोतर नेसून वाकलंय. मग त्यानं मान वर केली. पाखरू होतं. माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच. अंग दुधासारखं, पाय तांबूस, आणि तोंड डोळ्यांपर्यंत लाल, शेंदूर फासल्यासारखं. त्यानं चोच चिखलात खुपसली, लव्हाळ्याचा कांदा उपसला, पाण्यात खंगाळला आणि गिळला. घाई म्हणून नव्हती त्याला.

"अवो," तिनं राखणीच्या खोपडीकडं पाहून हलक्यानं हाक मारली. "अवो, बाहीर या जरा."

देवसिंग चिलीम हातात घेऊनच बाहेर आला. बराच वेळ दोघं बघत राहिले.

"करकोचा हाय," तो म्हणाला. "पण करकोचे तं राखडी असतात. पैनगंगेवर येतात ते. अन् झुंडीनं येतात."

"हा एकलाच हाय."

"झुंडीतून चुकला असन," देवसिंग म्हणाला आणि चिलीम ओढायला लागला.

शेजारच्या पट्टीत नानाजी ठाकऱ्यांचा गहू होता. गावात त्यांची कपाशीची चाळीस एकर. गाळपेर ते हौसेनं करायचे. तेही दोन वावरांमधल्या धुऱ्यावर येऊन बघून गेले. "माह्या साठ वर्साच्या जिंदगीत असलं पाखरू पाह्यलं नाही बाप्पा," म्हणाले. तिसऱ्या दिवशी गावचा कोतवाल उकंडा आला. त्यानं जाऊन पटवाऱ्याला सांगितलं, पटवाऱ्यानं पुसदला तहसिलीत सांगितलं, आणि पाचव्या दिवशी खुद्द नायब तहसीलदार सायकल हातात धरून तलावाच्या पाळीवरून उतरले.

नायब तरुण होते, नवेच आलेले. धापा टाकत होते, पण पाखरू दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

"हेच ते," ते म्हणाले. "देवसिंग, नागपूरला आमचे फार मोठे साहेब आहेत. त्यांना पक्ष्यांचा नाद आहे. जिल्ह्यात कुठं काही वेगळं पाखरू दिसलं तर लगेच कळवा, असा त्यांचा निरोप असतो सगळ्या तहसिलींना. मी तार करतो. दोन-चार दिवसांत ते येतील."

"शिकारीले?" देवसिंगनं विचारलं.

"छे. बंदूक आणत नाहीत ते. बघतात आणि वहीत लिहून ठेवतात."

"नुसतं पाह्याले येतात? नागपुराहून?"

"हो. तोवर हे पाखरू इथून उडता कामा नये. तुमच्याच वावराला लागून आहे, तेव्हा जबाबदारी तुमची. ओरडायचं नाही. गोफण चालवायची नाही. डबा वाजवायचा नाही. आणि पाण्याकडच्या अंगाला कुणी फिरकायचं नाही."

"साहेब, पीक घाट्यावर हाय," सुखीबाई पदराआडून बोलली. "रोही येतात. राखण नाही केली तं—"

नायबांनी तिच्याकडं वळून पाहिलं. "आणि बाई, तुझ्या या घागऱ्यावरचे आरसे. उन्हात केवढे चमकतात! पाखरू बुजेल त्यानं. दुसरं काहीतरी नेस. त्या बांगड्याही वाजतात."

सुखीबाईनं हात पदराआड घेतले. देवसिंग खाली बघत होता. मग नायब जरा हळू आवाजात म्हणाले, "तुमचा त्या काठावरच्या जमिनीचा अर्ज आहे ना आमच्याकडं? तीन एकराचा? मी पाहिलाय तो. साहेब खूश होऊन गेले, तर माणसाचं काम होतं."

त्या तीन एकरांचं नाव निघालं आणि देवसिंगच्या मानेची शीर उडाली, ती सुखीबाईला दिसली. तलावाच्या वर, काठाला लागून ती जमीन होती. पळस आणि तरोट्याचं रान दोघांनी हातानं मोडलं होतं. सहा सालं तिथं ज्वारी घेतली. मग दोन वर्षांमागं सरकारी माणसं आली, ही जमीन सरकारची आहे म्हणाली, आणि निसवलेल्या ज्वारीत गावची ढोरं सोडली. सुखीबाई तेव्हा बांधावर उभी राहून कणसं मोडण्याचा आवाज ऐकत होती. तेव्हापासून अर्ज होता. देवसिंगनं पुसदला इतक्या खेपा घातल्या होत्या, की कचेरीच्या दारातला चपराशी त्याला बघून आधीच हात हलवायचा.

"ठीक हाय साहेब," देवसिंग म्हणाला. "राहीन पाखरू."

नायब गेल्यावर सुखीबाई नानाजींच्या घरी गेली. त्यांची बायको तानाबाई ओसरीवर तूर पाखडत होती.

"तानाबाई, एखांदं जुनं लुगडं देता का?"

"लुगडं? तुले? तू कायले नेसतं व लुगडं?"

सुखीबाईनं सांगितलं. तानाबाईच्या हातातलं सूप थांबलं. ती आत गेली आणि एक विटकं मातकट लुगडं घेऊन आली. कसं नेसायचं तेही तिनंच दाखवलं. बंजारा तांड्यातली बाई जन्मात लुगडं नेसत नाही. मांड्यांना कापड आवळलं तेव्हा सुखीबाईला आपण भर रस्त्यात उघड्या पडल्यासारखं झालं. घागरा आणि कांचळी तिनं गाठोड्यात बांधली. दंडापर्यंतचा पांढरा चुडा मात्र काढायचा नव्हता. नवरा जिता असताना तो उतरत नाही. तिनं चिंध्या फाडल्या आणि मनगटापासून दंडापर्यंत चुड्याला गुंडाळल्या. दोन्ही हात भाजल्यासारखे दिसायला लागले. पाणी भरायला ती तांड्याच्या विहिरीवर गेली तेव्हा बाया हसल्या. एक म्हातारी हसली नाही. ती थुंकली.

मग राखण सुरू झाली.

एरवी राखण म्हणजे घसा. दिवस उगवायच्या आधी माळ्यावर चढायचं, हाऽऽ होऽऽ करून रान उठवायचं, गोफण फिरवायची. हरभरा घाट्यावर आला की सारं रान त्याच्यावर तुटून पडतं. आता दोघं जण तोंडाला कुलूप घालून धुऱ्यावर बसले. पहिल्या दिवशी पोपट आले. सुखीबाई तासांतून वाकून, सरपटत गेली आणि हात हलवले. पोपट उठून चार ओळी पलीकडं बसले. दुसऱ्या दिवशी रोह्यांचा, नीलगाईंचा, कळप पळसाच्या रानातून उतरला. सात होते, पुढं एक मोठा काळा नर. तो धुऱ्याशी थांबला, कान टवकारले, आवाजाची वाट बघितली. आवाज झाला नाही. मग तो आत आला.

देवसिंग काठी घेऊन धावला, पण पायाचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर. रोही दोन उड्या मारून बाजूला झाला आणि परत खाली मान घातली. इतक्या जवळून घाटे ओरबाडण्याचा, दाढांचा, नाकातल्या वाऱ्याचा आवाज सुखीबाईला येत होता. तिच्या घशात आरोळी आली आणि तिनं ती पदराच्या बोळ्यात दाबली. पाण्याच्या कडेला ते पांढरं पाखरू एका पायावर उभं होतं. पंख चोचीनं सारखे करत होतं.

चार दिवसांत जनावरांना कळलं, की या वावरात माणसं आहेत पण मुकी आहेत. रोही भर दुपारी येऊ लागले. सकाळी रानडुकरांनी उकरलेले खड्डे दिसायचे. हरभऱ्याचे खराटे उभे राहिले, घाटे गेले. सुखीबाई सांडलेले घाटे वेचून ओच्यात घालायची. पाठीत चमक भरायची. देवसिंगच्या पायाच्या भेगांत गाळ जाऊन त्या पिकल्या होत्या. तो चुलीजवळ बसून बाभळीच्या काट्यानं त्या साफ करायचा.

सातव्या दिवशी रोही धुरा ओलांडून नानाजींच्या गव्हात शिरले. नानाजींचा गडी आला आणि त्यानं गोफण सोडली. दगड सणसणत गेला, कळप उधळला आणि पाखरू उडालं. तेव्हा पहिल्यांदा त्याच्या पंखांची टोकं दिसली, काजळासारखी काळी. ते तलावावरून दोन फेऱ्या मारून पलीकडच्या काठाला उतरलं. दिवस मावळेपर्यंत दोघांनी पलीकडचा काठ बघितला. मग पाखरू आपसूक परत आलं, त्याच लव्हाळ्यात.

देवसिंग दुसऱ्या दिवशी सकाळीच नानाजींच्या ओसरीला गेला. सुखीबाई मागं उभी होती.

"पाटील, गोफण नका चालवू. हात जोडतो."

"तुह्या पाखरासाठी म्या गहू चारू का रोह्याइले?" नानाजी दात घासत होते. त्यांनी चूळ भरली. "तुले जमीन भेटन. मले काय भेटन?"

"साहेब दोन रोजात येते म्हनतात."

"साहेब आठ रोजापासून दोन रोजातच येऊन राह्यला."

देवसिंग पुढं झाला आणि त्यानं नानाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्या पागोट्याचं टोक चुळीच्या पाण्यात भिजलं. सुखीबाईनं मान फिरवली. नानाजींना मनातून बरंच वाटलं, पण ते पाय मागं घेत म्हणाले, "ऊठ, ऊठ. असं कर, माही शेवटची येचाई राह्यली हाय. बाया भेटत नाहीत. तुही बायको येऊ दे कापूस येचाले, गहू खाल्ला त्याच्या बदल्यात. मी गड्याले सांगतो, गोफण ठेवून दे म्हून."

सुखीबाई पाच दिवस नानाजींचा कापूस वेचत होती. शेवटची वेचणी म्हणजे बोंडांपेक्षा पऱ्हाटीचे काटेच जास्त. बोटांची टोकं फाटली. चिंध्या गुंडाळलेले हात घामानं आत खाजायचे. संध्याकाळी ती वावरात परत यायची तेव्हा देवसिंग धुऱ्यावर बसलेला असायचा, तसाच, आणि हरभरा आणखी थोडा कमी झालेला असायचा.

"आला का निरोप?"

"उकंडा आलता. लढाईच्या फंडाच्या मिटिंगा हायेत म्हने साहेबाच्या. चीनच्या लढाईच्या. मंगयवारी येतीन."

मंगळवार गेला. शुक्रवार सांगितला, तोही गेला. माघ लागला. ऊन तापायला लागलं, पाणी आणखी आटलं. पाखरू आता दिवसातून दोनदा उंच चढायचं, घारीसारखं गिरक्या घेत पार ठिपका व्हायचं, आणि वरून एक बारीक, बासरीतून फुंकर जावी तसा आवाज काढायचं. मग परत उतरायचं. देवसिंग मान वर करून बघत राहायचा.

"हे जानार आता," तो म्हणाला. "याचा जीव लागला जाण्याले."

त्याच दिवशी, दुपार कलली आणि उकंडा पळत आला. तो खरोखरच पळत आला होता. "उद्या सकाळी! साहेब पुसदले येऊन उतरले. बंगल्यावर हायेत. उद्या आठाले जीप घेऊन येतात. म्या माह्या डोयानं पाह्यले." आणि तो सरपंचाला सांगायला तसाच पुढं गेला.

पाखरू त्या वेळी आकाशात होतं. नेहमीपेक्षा उंच.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सतरा दिवस झाले होते. हरभऱ्याच्या म्हणायला चार ओळी शिल्लक होत्या. एक रात्र फक्त काढायची होती.

"उतरलं तं बांधून ठेवू," सुखीबाई म्हणाली.

देवसिंगनं तिच्याकडं बघितलं. बोललं ते तिनंच, त्यानं नाही. पुढं कितीतरी वेळा तिला ते आठवलं.

"बैलाच्या शेपटीच्या केसाचा फास कराचा," ती म्हणाली. "लव्हाळ्यात, ते उकरते तिथं. पाय अडकला का लांब दोरी लावून पान्यातच खुटीले बांधू. दुरून पाह्यलं तं मोकळंच दिसन. साहेब पाहून गेला का सोडून देऊ. त्याले काय होते?"

"साहेबाले समजलं तं?"

"दुर्बिनीत दोरी दिसते का एवढीशी?"

देवसिंगनं बैलाच्या शेपटीचे केस कापले. मांडीवर पिळून त्यानं फास केला, बाभळीची खुंटी चिखलात ठोकली, फासावर लव्हाळं टाकलं. दोघं मागं सरून हरभऱ्यात पडून राहिले. गाळ पोटाला गार लागत होता. पाखरू उतरलं. तासभर इकडं तिकडं हिंडलं, मग त्याच जागी आलं. दिवस टेकायला आला होता. त्यानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि पाय उचलायला गेलं तर पाय उचलेना.

त्यानं पंख पसरले. एवढे मोठे पंख असतील असं सुखीबाईला वाटलं नव्हतं. ते उडालं, दोरीला हिसका बसला, आणि वाळली काडी मोडावी तसा आवाज आला. पाखरू पाण्यात आडवं पडलं आणि फडफडत सुटलं.

"धरा त्याले! पंख मोडन त्याचा!"

देवसिंग गुडघाभर पाण्यात धावला. त्यानं वाकून दोन्ही हातांनी पंख कवेत घेतले, तोंड त्याच्या अंगाशी गेलं. पाखरानं मान मागं घेतली आणि एकदाच मारली.

देवसिंग ओरडला नाही. इतक्या दिवसांची सवय, की आणखी काही, पण तो ओरडला नाही. त्यानं पंख सोडले, डोळ्यावर हात ठेवला आणि चिखलात गुडघ्यांवर बसला. बोटांमधून रक्त आलं, आणि रक्ताबरोबर अंड्याच्या पांढऱ्यासारखं काही.

सुखीबाईनं पागोटं सोडून त्याच्या डोळ्यावर बांधलं आणि त्याला खोपडीत नेऊन निजवलं. मग ती परत पाण्यात गेली. पाखरू दमून बसलं होतं. तिनं बांबूची कामटी त्याच्या मोडक्या पायाला लावून चिंधीनं आवळली. चुड्याची एक चिंधी सोडून तीच बांधली. पाखरानं तिला काही केलं नाही. लाल तोंडातला तो पिवळा डोळा तिच्याकडं बघत होता.

रात्रभर देवसिंग कण्हत होता. सकाळी त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि अर्धं तोंड सुजलं होतं. तिनं हलवलं, हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. तिनं त्याच्या अंगावर घोंगडी घातली, खोपडीच्या तोंडाला तट्टा लावला आणि धुऱ्यावर जाऊन उभी राहिली.

जीप आठाला आली. पाळीवरून उतरून थेट धुऱ्यापाशी, खोपडीपासून वीस पावलांवर थांबली. पुढं साहेब आणि ड्रायव्हर, मागं साहेबांच्या बाई आणि नायब. साहेब वयस्क होते, अंगानं किडकिडीत, डोक्याला लोकरीची टोपी. ते खाली उतरले, पाण्याकडं बघितलं आणि हात छातीवर ठेवून तसेच उभे राहिले.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "खरंच आहे. इकडं कुणी पाहिल्याचं मी कधी ऐकलं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. मग दुर्बीण खाली आली.

"ते बसलंय. त्याच्या पायाला काहीतरी बांधलंय."

साहेब बुटांसकट चिखलात गेले, पाण्यात गेले. तिथून त्यांनी वळून विचारलं, "कोणी केलं हे?"

नायब सुखीबाईकडं बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आमाले नाही मालूम साहेब," सुखीबाई म्हणाली. "सकायी पाह्यलं तं असंच होतं."

"तुझा नवरा कुठाय?" नायबांनी विचारलं.

"दिग्रसले गेला. पोरीकडं."

खोपडीचा तट्टा वीस पावलांवर होता. आत माणूस कण्हला असता तर ऐकू आलं असतं. कुणी कण्हलं नाही.

साहेबांनी पायातली दोरी सोडली, अंगातला गरम कोट काढला आणि पाखराला त्यात गुंडाळलं. दोघांनी मिळून ते जीपपर्यंत आणलं. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि लाल तोंडावरून बोट फिरवलं. "जनावरांच्या डॉक्टरकडं चला आधी," साहेब ड्रायव्हरला म्हणाले. "सावकाश चालव. धक्का बसू देऊ नकोस." जीपमध्ये मागं समोरासमोर दोन बाकं होती. एकावर बाई आणि पाखरू. दुसऱ्यावर एकटे नायब बसले. माणूस आडवा पडेल एवढी नाही, पण टेकून बसेल एवढी जागा त्यांच्या शेजारी होती. सुखीबाईनं ती बघितली.

चढता चढता साहेब थांबले. तिच्या अंगावरचं मातकट लुगडं, चिंध्यांचे हात, मागं खराट्यासारखं झालेलं वावर, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. "बाई," ते म्हणाले, "तुझं काही नुकसान झालं का?"

तिनं नायबांकडं पाहिलं. नायब डोळ्यांनी सांगत होते, की गप्प राहा. देवसिंगचा डोळा दिसला असता तर पाखरू कुणी धरलं हे सांगायला लागलंच नसतं. मग अर्ज कुठला आणि जमीन कुठली.

"नाही साहेब," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "आमचा अर्ज—"

"ते मी बघतो," नायब घाईनं म्हणाले. जीप गेली. हळूहळू गेली, धक्का न देता.

सुखीबाई धावत नानाजींकडं गेली. ते बाहेरगावी होते. तानाबाईनं काही विचारलं नाही. गड्याला बैलबंडी जुंपायला लावली, वर कडबा टाकला आणि स्वतःची गोधडी अंथरली. पुसद आठ कोस. बैल पोचेपर्यंत दिवस मावळला, दवाखाना बंद झाला होता. डॉक्टरांनी डोळा बघितला तो दुसऱ्या दिवशी.

"कशानं लागलं?"

"काट्यानं."

"कधी?"

"परवा."

"मग काल सकाळी का नाही आणला? पू झालाय. आता हा ठेवला तर दुसराही जाईल." डॉक्टर चिडले होते, पण वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याच दिवशी डोळा काढला. अठरा दिवस दोघं तिथं राहिले. सुखीबाई दवाखान्याच्या भिंतीला लागून तीन दगडांवर भाकर करायची.

त्या दिवसांत उकंडा एकदा कचेरीच्या कामाला आला होता. तो म्हणाला, पाखरू आर्णीच्या पुढं रस्त्यातच मेलं. साहेबांनी ते नागपूरला नेलं, पेंढा भरायला. नायबांची बदली झाली. अर्जाचं विचारलं तर नव्या नायबांना तो कागद सापडला नाही.

त्यानंतर दोन सालं देवसिंग-सुखीबाईनं दुसऱ्यांच्या वावरात मजुरी केली. गाळपेर त्यांनी परत मागितलीच नाही. तिसऱ्या साली सरकारचा हुकूम निघाला आणि उकंडानं तांड्यात दवंडी दिली, की ज्यांनी पडीत जमीन आधीपासून वाहिली आहे, त्या भूमिहीनांच्या नावावर ती होणार. तांड्यातल्या चौदा घरांना जमीन मिळाली. देवसिंगलाही. मागितली होती तीच, काठावरची, तीन एकराला थोडी कमी. कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. कोण खूश होतं, कोण नाराज, हे कुणी विचारलंही नाही.

फाल्गुनात दोघं तिथं पळसाची खुटं काढत होते. मधल्या सालांत रान परत माजलं होतं. देवसिंगला एका डोळ्यानं अंतर कळत नसे. कुऱ्हाड कधी मुळावर पडायची, कधी दगडावर, आणि ठिणगी उडायची. सुखीबाई मुळाशी माती उकरत होती. तिनं हात थांबवला.

"तुमाले एक सांगाचं हाय," ती म्हणाली. "त्या रोजी जीप आलती. तुमी तापात होते. साहेबानं मले इचारलं, नुकसान झालं का म्हून. म्या नाही म्हनलं. मागं एका माणसाची जागा होती. म्या सांगतलंच नाही, तुमी अंदर हाय म्हून."

देवसिंगनं कुऱ्हाड खाली टेकवली. घाम पुसला. उजव्या बाजूचा खड्डा त्यानं पागोट्याच्या टोकानं पुसला. तिथं अजून पाणी यायचं.

"मले मालूम हाय," तो म्हणाला.

"कोनं सांगतलं?"

"कोनं कायले सांगन? म्या जागाच होतो. सारं आयकलं म्या. तू हाक मारली तेबी आयकली."

सुखीबाई मातीतले हात तसेच धरून बसली.

"मंग आवाज काहून नाही देल्ला?" तिचा आवाज फाटला. "वीस पावलावर जीप होती. एक आवाज देता आला नाही तुमाले?"

"तू नवरा दिग्रसले गेला म्हनलं," देवसिंग म्हणाला. "मी अंदरून ओरडलो असतो तं?" त्यानं कुऱ्हाडीचा दांडा हातात फिरवला. "कन्हनं येऊन राह्यलं होतं. घोंगडीचा कोना दातात धरला अन् पडून राह्यलो. मले वाटे, आताच जाईन जीप, आताच जाईन. तं तो साहेब काही लौकर जाये ना."

वर ऊन तापलं होतं. खाली तलावात पाणी थोडंसंच उरलं होतं आणि गाळात कुणाची तरी माणसं हरभरा उपटत होती.

"पहार आन," देवसिंग म्हणाला.

तिनं पहार आणली. त्यानं ती मुळाखाली घातली आणि दोघांनी मिळून जोर लावला. मूळ खोल गेलेलं होतं. दुपारपर्यंत ते जागचं हललं नाही. मग त्यांनी ते तसंच सोडलं आणि दुसऱ्या खुटाला हात घातला.